बेदियाकोचा तळवा

कुमासी शहराच्या सुआमे भागात बेदियाको गाड्या दुरुस्त करतो. व्हॅन आली की आधी ड्रायव्हरचं तोंड बंद करतो. "दुखतं कुठे ते गाडी सांगेल. तू नुसतं स्टिअरिंग हलव," म्हणतो, आणि गाडीखाली सरकून एकेका सांध्यावर तळवा ठेवतो. जिथे खटका लागेल, तिथे आजार. उभी हयात त्याने असंच काम केलं आणि तो असंच फटकळ बोलत आला.

एकदा न्सिया नावाचा ड्रायव्हर आपली म्हातारी व्हॅन घेऊन आला. तिच्या मागच्या काचेवर रंगवलं होतं, 'देवाला घाई नाही'. स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी चाकं जागची हलत नव्हती. न्सिया सरळ रस्त्यावरही ते इकडून तिकडे झुलवत वर्षानुवर्षं गाडी हाकत होता.

"मामा, स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळा, की झालं."

"आजवर सगळ्यांनी तेच केलंय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

खटका लागला तो बॉक्सच्या समोरच्या बाजूला असलेल्या आर्मच्या सांध्यात, झिजलेल्या बुशात. बेदियाकोने बुश बदलला, फाजील आवळलेला स्क्रू जागेवर आणला आणि तो आंबवलेल्या मक्याचं केंके आणि मासळी खायला बसला.

जेवण संपायच्या आत न्सिया परत. पुढचं चाक गटाराच्या चिखलाने माखलेलं.

"मामा, हात जरा हलला की गाडी वळते. उतारू शिव्या घालतायत. पूर्वीसारखी थोडी ढिली करून द्या ना."

बेदियाकोने हात धुतले, पुसले आणि तळवा न्सियाच्या मनगटावर ठेवला.

"खटका इथे आहे," तो म्हणाला. "याचा बुश माझ्याकडे मिळत नाही."