महालक्ष्म्यांपुढची विजेची माळ

नळदुर्गात आमच्या गल्लीत वीज येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि सासूबाई तिच्या जिवावर नवस बोलून मोकळ्या झाल्या होत्या. माझी आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा त्या महालक्ष्म्यांना म्हणाल्या, हे टिकलं तर भाद्रपदात तुमच्यापुढं विजेच्या बारीक दिव्यांची माळ लावीन. तसली माळ त्यांनी सोलापुरात भाचीकडं पाहिली होती. आम्हाला कुणी विचारलं नाही. सातवा लागला आणि माळेचं काम आमच्या यांच्या गळ्यात पडलं.

हे अणदूरच्या शाळेत गुरुजी. यांनी सोलापूरहून माळ आणली. हातबॅटरीत घालतात तसले चिमुकले बल्ब आणि सोबत अर्ध्या विटेएवढं पत्र्याचं खोकं. घरातली वीज या दिव्यांना सोसत नाही, ती खोक्यातून उतरून सहा व्होल्टची झाली की मगच माळेत जाते, असं यांनी आईला नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली. पण आमच्याकडं महालक्ष्म्यांपुढं धुतल्याशिवाय काही जात नसे. पाट, चौरंग, समया, झाडून सगळं पाण्यातून निघायचं. महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी मी चुलीपुढं असताना सासूबाईंनी ते खोकंही घंगाळात बुडवलं, चिंचेनं घासलं आणि उन्हात पालथं घातलं.

संध्याकाळी यांनी बटण दाबलं. खोकं गुरगुरलं, त्यातून धूर आला आणि केस जळल्यासारखा वास घरभर पसरला. मग घरातले दिवेही गेले.

"आई, हे ओलं कसं?"

"धुतलं. बाजारातून आलेलं तसंच देवीपुढं ठेवू की काय?"

त्यांनी समई उचलली, माझ्याकडं वळल्या आणि माझ्या पोटाकडं बघितलं. ती नजर मला झोंबली. मी मॅट्रिक झालेली, नवस म्हणजे देवाशी व्यापार असं मैत्रिणींना ऐकवणारी. तरी हात आपसूक पोटावर गेला. खोकं बुडवलं सासूबाईंनी आणि खोट माझ्या पोटात शोधताहेत, असं वाटून रागही आला.

दुसरा दिवस जेवणाचा, मुख्य पूजेचा. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या जाणार. म्हणजे माळ लागायची ती दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी. हे पहिल्या एसटीनं दुसरं खोकं आणायला सोलापूरला गेले. इकडं मी पुरण वाटायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की उठल्यापासून पोटात हालचाल नाही.

राग आला की मी भांडी आपटते. त्या दिवशी भीतीनंही आपटली. गुळाचा खडा खाल्ला, गार पाणी प्यायले, कुशीवर पडून पाहिलं. बाळ ढिम्म. सांगणार कुणाला? सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी लगेच माळेशी गाठ मारली असती, आणि ते ऐकायची माझी छाती नव्हती. खरं तर ती गाठ मी स्वतःच मारून बसले होते.

दुपारी गल्लीतला वायरमन फ्यूज बांधायला आला. जळकं खोकं हुंगून म्हणाला, "ह्यातलं समदं गेलं, वैनी. म्हणाल तर माळ डायरेक जोडतो. एकदा तर लखकन लागंल."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग फुटतील की."

सासूबाई क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, "नको रे बाबा. देवीपुढं काचा नकोत."

हे परतले तेव्हा दिवेलागण झाली होती, बायका हळदीकुंकवाला येऊन बसल्या होत्या. यांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. गणपतीचे दिवस, सोलापुरातली सगळी खोकी विकली गेलेली. येताना एसटी अणदूरला थांबली तेव्हा यांना तिथला पंचायतीचा रेडिओ आठवला. तो बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी सहाच व्होल्टची. हे तिथंच उतरले. चावडीवर बातम्या ऐकायला माणसं जमलेली. त्यांच्यापुढून बॅटरी उचलायची म्हणजे पंगतीतून ताट उचलणं. पण एक म्हातारा म्हणाला, "न्या गुरुजी. लेकराचा नवस हाय म्हणता, मग न्या. बातम्या काय, उद्याबी हायतच."

यांनी तारा जोडल्या, मोठा दिवा मालवला. माळ लागली. महालक्ष्म्यांचे मुखवटे उजळले, बायका "अगं बाई" म्हणाल्या. मी पोटावर हात ठेवून बघत होते. हळूहळू दिवे पिवळे झाले, मग तांबूस, आणि बघता बघता विझले. बॅटरी आठवडाभर गावाला बातम्या ऐकवून दमलेली होती.

समयांच्या उजेडात सासूबाई उठल्या आणि सरळ माझ्याकडं आल्या. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत काहीतरी बोलणार. त्या माझ्यापुढं बसल्या, पोटावर हात ठेवला.

"हलतंय का ग?"

मला खोटं बोलता आलं नाही. "सकाळपासून नाही, आत्या."

"मी धुतलं ग ते," त्या पुटपुटल्या. "माझ्या हातानं बुडवलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या." तेव्हा मला ती कालची नजर कळली. ती मला दोष देत नव्हती, माझी माफी मागत होती, आणि मी दिवसभर तिच्यावर भांडी आपटली होती.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात आतून एक ढुशी बसली. मागं कुणीतरी "हललं का ग?" म्हणालं, तशा त्या खेकसल्या, "श्शू! गप बसा सगळ्याजणी!"

आम्ही दोघी श्वास धरून दुसऱ्या ढुशीची वाट बघत राहिलो. ती आली, चांगली जोरात, आणि आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.