नकली गावातली वीज

वीज म्हटल्यावर तुम्ही ढगांकडे बघितलं असेल, तर खाली या. माझी वीज मीटरमधली आहे.

नकला करणं ही माझी खोडच. सध्या कॉलेजात कॉम्प्युटरवर आमच्या गावाची नक्कल करतोय. घरं खोटी, विजेचा वापर खऱ्यासारखा, म्हणजे कुणाचं खरं घर उघडं न पडता त्यावर अभ्यास करता येईल.

गावातल्या खऱ्या मीटरांच्या आकड्यांत शेजारच्या नानांच्या घराची रेघ दिवसरात्र सरळ चालते. ते त्यांचं ऑक्सिजनचं मशीन. “त्याचा आवाज काढ की रे,” म्हणायचे, आणि खोकेपर्यंत हसायचे. पुढे एका सकाळी रेघ खाली बसते, ती उठत नाही.

नकली गावातही मी अशी मशीनं ठेवलीत. बंद करायला हात धजेना.

काम तपासायला आलेल्या कॉलेजातल्या मॅडम करवादल्या, “तुझ्या गावात कुणी जातच नाही का रे? असं गाव असतं का? एकतरी मशीन बंद कर. आत्ता, माझ्यासमोर.”