झऱ्याकडे पळा

पॉ कॅनडातल्या आमच्या सरेच्या घरी बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायला आली आणि आमचं पहिलं भांडण झालं ते वासावरून. म्यानमारच्या डोंगरातली, करेन जमातीची बाई ती. तिनं आंबवलेल्या मासळीची चटणी केली की घमघमाट थेट माझ्या देवघरापर्यंत. मी नागपूरची, पोटात ठेवणं मला जमत नाही. खाली जाऊन चांगली झाडली तिला. दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं, तर पठ्ठीनं न सांगता आमचा ड्राइव्ह-वे शोव्हल करून ठेवला. मग काय बोलणार, कपाळ!

दिवसा ती हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत असायची. खरं काम संध्याकाळी, तिकडे सकाळ झाली की. तिच्या मुलखात यादवी पेटलेली आणि सैन्याची विमानं यायची सकाळी. विमानतळाजवळचा कुणी माणूस जिवावर उदार होऊन तिला मेसेज टाकायचा, विमान निघालं. तिच्या गावात नेट बंद. फक्त शाळेच्या मास्तरांजवळ सीमेपलीकडचं सिम असलेला फोन. पॉ त्यावर कॉल करून सांगायची, "झऱ्याकडे पळा." तिथे गावानं खंदक खणले होते. दोन वर्षं ते गाव आमच्या बेसमेंटच्या भरवशावर जगलं.

फक्त तिची आई पळायची नाही. गुडघे गेलेले. घरातच बसून राहायची.

"आंटी, शी इज सो स्टबर्न," पॉ रडायची.

"आया सगळ्या एकाच माळेचे मणी गं," मी म्हणायचे.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी तिला पोहे द्यायला गेले होते तेव्हा मेसेज आला. या वेळी ती मास्तरांवर ओरडलीच. आईचं अजिबात ऐकू नका, पाठीवर घ्या आणि पळा. मास्तरांनी घेतलं. फोन ठेवून पॉ हसली आणि किती दिवसांनी पोटभर जेवली. मलाही बरं वाटलं.

झऱ्याकाठी सैनिक पहाटेपासून दबा धरून बसले होते. गाव कुठे पळतं हे त्यांना कळलं होतं. विमानांनी वरून हाकायचं आणि खाली यांनी टिपायचं, असा ठरवून केलेला बेत. मास्तर गेले, आई गेली, बहुतेक गाव गेलं. जंगलात निसटलेल्या मावसभावानं सीमेवर पोचून कळवलं. बॉम्ब शेतात पडले होते. आईचं घर जसंच्या तसं उभं आहे.

त्या दिवशी मी देवाला दिवा लावला नाही. माझा नवरा विश्वनाथ म्हणाला, "तिचा काय दोष? तिनं तर वाचवायलाच..."

"तिला सांगून बघा जरा," मी खेकसले.

पॉ एकदाच बोलली, "आंटी, आय सेंट हर." त्यानंतर आईचं नावही नाही. चटणीचा वाससुद्धा वर येत नाही आता.

काल संध्याकाळी तिच्यासाठी वरणभात घेऊन खाली गेले. तेवढ्यात मेसेज आला. पॉनं शेजारच्या गावातल्या एका बाईला फोन लावला आणि विमान निघाल्याचं सांगितलं. तेवढे शब्द मलाही कळायला लागलेत. पलीकडून ती बाई घाईघाईनं काहीतरी विचारत राहिली. पॉनं फोन हातानं झाकला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"शी इज आस्किंग, व्हेअर टू रन. प्लीज आंटी, यू टेल. कुठे?"

अख्ख्या सरेला न मागता सल्ले देणारी बाई मी. हातात ताट घेऊन नुसती उभी राहिले. फोनवरची बाई विचारतच होती.