रूपाबाईचं मागणं

रूपाबाई दर रविवारी देवाकडे एकच गोष्ट मागायची: गोपीचंदची जीभ झडू दे. तेही मनातल्या मनात नाही. सगळ्या मंडळीसमोर उभी राहून, मोठ्यानं.

आमची मंडळी म्हणजे वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानामागची पत्र्याची खोली. तिथं कुणीही उभं राहून आपल्या शब्दांत प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी शेवटी आमेन म्हणायचं, अशी रीत. कुणी पोरीसाठी चांगलं स्थळ मागतं, कुणी गुडघेदुखीवर उतारा. रूपाबाई पदर सावरून उठली की पाळक अमृतराव डोळे जरा जास्तच घट्ट मिटायचे, आणि तिचं झालं की अर्धी खोली आमेन गिळून टाकायची. मी मात्र म्हणायचे, सगळ्यांत मोठ्यानं. शत्रूवर प्रेम करावं हे मलाही पाठ आहे. पण हा शत्रू मी पाहिलेला होता.

गोपीचंद तिचा सख्खा दीर. हळद विकून परत येताना शिरड शहापूरच्या पुढं त्याचा ट्रॅक्टर उलटला. त्यावर तिघं होते. रूपाबाईचा एकुलता एक देविदास गेला आणि त्यांच्या बंजारा तांड्याचे प्रमुख, नाईक लालसिंग, यांची सूनही गेली. वाचला तो एकटा गोपीचंद, त्यामुळे तो म्हणेल तेच खरं ठरलं. त्यानं सांगून टाकलं की ट्रॅक्टर पोरगं चालवत होतं. देविदास दवाखान्यात थोडा वेळ शुद्धीवर होता. तेव्हा तो आईला म्हणाला होता की काका पिऊन चालवत होता, ऐकत नव्हता. पण आईची साक्ष कोण धरतं? तांड्यात देविदासचं नाव निघालं की बायका थुंकायच्या. होळीला लेंगीची गाणी म्हणायला रूपाबाईला कुणी बोलावेना. आणि हा गोपीचंद पांढरं धोतर नेसून पारावर बसायचा, गुटखा चघळत, पुतण्याच्या नावानं हळहळत. माझ्या हाती असतं तर मी त्याला तिथंच फोडून काढला असता.

फाट्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. गाडीची वाट बघत रूपाबाई माझ्या बाकावर बसायची. घरी जायचं नाही म्हणून हातची गाडी सोडून द्यायची. एका रविवारी मीच तिला ओढून प्रार्थनेला नेलं. त्या दिवशी अमृतराव वधस्तंभाबद्दल सांगत होते: खोटे साक्षीदार उभे केले, निर्दोष माणसाला मारलं, आणि त्याची आई खाली उभी राहून बघत होती. रूपाबाई मुलगा गेल्यापासून रडली नव्हती. ती तिथं रडली. नंतर मला म्हणाली की त्या माउलीला माझं समजंल. तेव्हापासून ती जेवायला लागली, शेतावर जायला लागली. तिला उभं केलं ते विश्वासानं, असं अमृतराव म्हणतात. खरंच आहे. पण त्या विश्वासात राग पुरेपूर होता, हेही मी सांगणारच. अमृतरावांनी एकदा हळूच सुचवलं होतं की सूड देवावर सोपवावा. ती म्हणाली, "त्याच्यावरच सोपवला हाय. म्हणून तर त्यालाच सांगून राहिले."

मग यंदा उन्हाळ्यात बातमी आली. गोपीचंदच्या जिभेला जखम झाली होती, ती भरत नव्हती. नांदेडच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. जीभ काढावी लागणार होती.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. ज्यांनी आमेन म्हटलं होतं ते घाबरले, ज्यांनी गिळलं होतं ते जास्तच घाबरले. हा गुटख्याचा परिणाम आहे, असं अमृतरावांनी दोनदा बजावलं. मला विचाराल तर काळजाला थंडावा मिळाला. मी रूपाबाईकडं वळले, तर ती पांढरी पडलेली.

"जीभ गेल्यावर त्यो बोलंल कशानं?" ती म्हणाली. "माझ्या लेकराचं नाव त्या जिभेवरच अडकलंय की."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तांड्यावर गेलो. गोपीचंद बाजेवर पडला होता, गाल सुजलेला, ऑपरेशन उद्यावर आलेलं. त्याची बायको धुरपताबाई रूपाबाईच्या पायाच पडली. रूपाबाईच्या प्रार्थनेची खबर तांड्यापर्यंत पोहोचली होती. मागणं परत घ्या, असं ती विनवत होती. रूपाबाईनं पाय मागं घेतले. लालसिंग नाईकांना बोलवा, एवढंच म्हणाली. ते आले आणि दारातच उभे राहिले. सून गेल्यापासून त्यांनी रूपाबाईचं तोंड पाहिलं नव्हतं.

ती दिराला म्हणाली, "आता बोल. मराठीतच बोल, ह्या बाईलाबी समजू दे."

त्याचे शब्द लाळेतून येत होते. "ट्रॅक्टर म्याच चालवत व्हतो, नाईक. पिलेलो व्हतो. देविदास नगं नगं म्हनत व्हता."

लालसिंग खाली बसले. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि रूपाबाईसमोर हात जोडले. मला वाटलं आता ती उठेल, या माणसाला त्याच्या जिभेसकट तिथंच टाकून देईल. मला तेच हवं होतं. पण धुरपताबाईनं पुन्हा पदर पसरला, तेव्हा रूपाबाई बाजेजवळ सरकली. तिनं गोपीचंदच्या डोक्यावर हात ठेवला. माया नव्हती त्या हातात.

"प्रभू," ती म्हणाली, "याला म्या माफ केलेलं न्हाई, तुला ठावं हाय. याची जीभ राखायला मी आले न्हाई. पन उद्यापासून याला बोलता येनार न्हाई. माझं कुनी ऐकत नव्हतं तवा तू ऐकलंस. आता याचंबी ऐकत जा."