हंसाचं कातडं

डिना, बस इथं आणि लिही. मुंबईत चार यत्ता मराठी शिकलीस, ती कामाला येऊ दे. आपल्या मार्गिटचं सांगते. त्यात हंस कसा भाजायचा तेही येईल, ते गाळू नकोस. सगळं त्यातूनच झालं.

मार्गिट हंगेरीची. हाडकुळी, गोरीपान, सुताच्या फ्याक्टरीत कामाला. आपण मुंबईहून इस्रायलात, अश्केलोनला आलो तेव्हा तिचं घर भिंतीला भिंत लावून. तिला मराठी नाही, मला तिची बोली नाही, आणि हिब्रू दोघींचं मोडकं. तरी जमलं आमचं. मी भाकऱ्या थापल्या की एक तिला, तिनं केक केला की तुकडा मला.

तिचे आईबाप, नवरा, सगळे लढाईत गेले. राहिला एक भाऊ, योएल, एलातच्या बंदरात. आणि तो सात वर्षं तिच्याशी बोलत नव्हता. आईची अंगठी होती, ती हिनं लढाईतल्या उपासमारीत पावासाठी देऊन टाकली. ते त्याला फार उशिरा कळलं, म्हणून.

बासष्टच्या हनुकाच्या सणात त्याचं पत्र आलं. शुक्रवारी येतो, शनिवारचा शब्बाथ राहतो. बाई वेडी झाली गं! मला म्हणाली, "राहेल, मला बोलता येणार नाही त्याच्याशी. आईसारखा हंस भाजते. तो खाल्ला की त्याचा राग जाईल."

हंस आणला, शोहेतकडून, म्हणजे आपल्या धर्माच्या खाटकाकडून कापून, पिसं काढून. पण शुक्रवारी तिला दोनपर्यंत शिफ्ट. फोरमन सोडीना. म्हणून हंस माझ्या हवाली केला. हातवारे करून सांगितलं, धू, मिठात ठेव, परत धू, ट्रेमध्ये घालून बेकरीच्या भट्टीत पाठव. मी म्हटलं, जा तू, काळजी नको.

आता तूच सांग, आपल्यात कोंबडीचं कातडं कोणी खातं का? रेवदंड्याला माझी आई कोंबडी सोलायची तेव्हा अंगणात मांजरं आधीच रांगेत. मला वाटलं, बिचारी दमून येईल, आपण अगदी साफ करून देऊ. अर्धा तास खपून मी तो हंस सोलला. काय चरबी त्याच्याखाली, पिवळीधम्मक, बोटभर जाड! तीही खरवडून काढली. सगळं मांजरांना घातलं. आणि हंस ट्रेमध्ये ठेवून बघत राहिले. कसा चकचकीत केला म्हणून.

मार्गिट आली, बेकरीतून ट्रे आणला, झाकण काढलं.

"कातडं कुठं गं?"

"मांजरांना दिलं."

ती खुर्चीवर बसली. रागावली नाही. मी आपलं विचारतेय, "का? काय झालं?" ती नुसती माझा हात थोपटत राहिली.

रात्री मलाही जेवायला बसवलं. योएल उंच, काळवंडलेला, बोलायला कमी. द्राक्षरसाच्या पेल्यावर किद्दुश म्हणून झाला. त्यानं पहिला घास तोंडात घातला. चावतोय, चावतोय. लाकूड नुसतं. मग पाणी प्यायला आणि हिब्रूतच म्हणाला, "अंगठी घालवलीस. आता आईचा हातही घालवलास."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "हो, बिघडला माझ्याकडून."

आणि मी? ओर, अनी. कातडं, मी. दोन शब्द. तेवढं हिब्रू मला येत होतं डिना! पण लाज वाटली. परक्या माणसासमोर कोण म्हणणार, मी अडाणी, मी सोललं? मान खाली घालून बटाटा खात बसले.

तो रविवारच्या पहिल्या बसनं गेला.

पुढच्या हनुकाला तिनं परत हंस आणला आणि मला शेजारी उभं केलं. हे लिही. कातडं राहू द्यायचं. सुईनं नुसतं कातड्याला टोचायचं, मांसाला नाही, म्हणजे चरबी वाटेनं बाहेर येते. छाती खाली करून ट्रेमध्ये ठेवायचा, तळाला पेलाभर पाणी, वर झाकण. मधून मधून त्याचीच चरबी चमच्यानं त्याच्यावर सोडायची. शेवटी उलटा करून झाकण काढायचं, कातडं कुरकुरीत होतं. आणि काढल्या काढल्या कापायचा नाही, नाहीतर सगळा रस ताटात. लोण्यासारखा झाला होता. तिसरं ताट योएलचं मांडलेलं, तसंच राहिलं.

मी म्हटलं, "मी सांगते त्याला." तर म्हणे, "नको. तू माझ्यासाठी राबलीस. त्यानं तुला का बोलावं?"

महिन्यानं मार्गिटच्या छातीत कळ आली आणि ती गेली. भाऊ शिवा बसायला आला, सात दिवसांच्या सुतकाला. घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच जेवण न्यायचं. तिसऱ्या दिवशी मी हंस नेला. तू होतीस ना बरोबर.

त्यानं खाल्लं. हळूहळू सगळं खाल्लं, पावानं ट्रे पुसला. मग विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. ओर, अनी. बाकीचं तू हिब्रूत सांगितलंस.

तो म्हणाला, "तिची दोन पत्रं आली होती. मी फोडली नाहीत."

एवढंच. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उलट ट्रे धुऊन परत आणून दिला त्यानं.

हे झाल्यावर तुझ्या हिब्रूतही लिही, एलातला पाठवू. काय, लांबलचक होतंय? होऊ दे. हंसाचं थोडं कमी कर हवं तर. पण कातडं मी काढलं, ते आधी लिही. सगळ्यात वर.