ड्रोहेड्यातली खंडेनवमी

बाबांना सोलापूरहून माझ्याकडे आयर्लंडमधल्या ड्रोहेड्याला येऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच त्यांनी परतीच्या तिकिटाचा धोशा लावला. मला सातवा महिना, आई नाही, आणि हे म्हणतात, "इथं माझं काय काम हाय? खिडकीत बसून गाड्या मोजू?" मी भडकले, भांडले, रडलेसुद्धा. शेवटी म्हटलं, जा बाबा, उद्या काढते तिकीट.

त्या दिवशी ऊन होतं. म्हणून त्यांना जुन्या गिरणीतल्या छोट्याशा संग्रहालयात नेलं. तिथल्या पांढऱ्या केसांच्या आजी बोलायला फटाकडी. ड्रोहेडा म्हणजे उताराजवळचा पूल, असं त्या सांगत होत्या. आधी लोक उतारावरून पाण्यात उतरून नदी ओलांडायचे, मग पूल झाला, पुलामागून गाव आलं आणि गावात कापडाच्या गिरण्या. मी बाबांना मराठीत सांगत होते.

"आमचं सोलापूर म्हणजे सोळा गावं," बाबा छाती फुगवून म्हणाले. "यांचा नुसता एक पूल!"

हे काही मी आजींना सांगितलं नाही.

वळून बघते तर बाबा दोरीच्या पलीकडे! बूट काढून जुन्या मागासमोर उभे. खिशातल्या पुडीतलं कुंकू लोखंडाला लावूनही झालं होतं.

"बाबा, अहो काय हे!"

"आज खंडेनवमी. मागाला पूजेबिगर ठेवत्यात का कुठं?"

चाळीस वर्षं गिरणीत काढलेला माणूस, त्याला काय सांगणार? मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. सॉरी सॉरी म्हणत टिश्यू काढला, तर आजींनी माझा हात धरला. हे काय, विचारलं. वर्षातून एकदा यंत्र थांबवून, धुऊनपुसून त्याला नमस्कार करतात, मी सांगितलं. आजी खो खो हसल्या. त्या पंधराव्या वर्षापासून याच मागावर होत्या. "मी तर याला जन्मभर शिव्याच घातल्या!"

तोवर बाबा मागाखाली वाकले होते. "हा उभ्या सुताचा ताणा चुकीचा भरलाय. असा कसा चालंल?"

माग कित्येक वर्षं बंदच आहे, आजी म्हणाल्या, जाणणारं कुणी उरलं नाही. मग बाबांकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "युअर मॅन मंगळवारी माग लावायला येईल का?" 'युअर मॅन' म्हणजे इकडच्या बोलीत 'हे गृहस्थ'.

घरी आल्यावर मी मुद्दाम लॅपटॉप उघडला. "मग, तिकीट?"

"थांब की जरा," बाबा चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "माग लागायला दोन महिने तरी जातील. पहिलं दुपटं बाळाचंच काढतो."

मी पुन्हा रडले.