तांड्याच्या फाट्यावर रशियन कात्री

बीए झाले, घरातली पहिलीच पदवीधर, आणि जगाचा कायापालट करायला सेनगावकडे निघाले. पिशवीत कात्री, खळ आणि क्रांतीनंतरच्या रशियन पोस्टरांच्या झेरॉक्स. मैत्रीण सुनीताची धाकटी बहीण मंगल तांड्यावरून सेनगावच्या शाळेत चालत जायची. बस फाट्यावर थांबायची नाही, म्हणून ती आठवीतच शाळा सोडणार होती. तिच्यासाठी पोस्टर करायचं ठरवलं.

हिंगोलीहून जीप भरल्याशिवाय सुटत नाही. वेळ हाताशी ठेवा. माझ्या मांडीवर सेनगावपर्यंत कुणाचीतरी कोंबडी होती. स्टँडवर भजी गरमच मागा.

स्टँडसमोर रफिकभाईंचा फोटो स्टुडिओ. त्यांना सांगितलं, रशियात फोटो कापून चिकटवायचे, हात प्रचंड, माणसं चिमुकली, सगळं तिरपं. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून.

त्यांनी खणातून लग्नाचा एक जुना फोटो काढून दाखवला. "दुल्हे का भाई दुबई में था. मैंने काट के बिठाया." फोटोतल्या भावाला पाय नव्हते. "तुमारे रूसवाले पाँव लगाते क्या?"

आम्ही लाल कागदावर तिरपी बस चिकटवली, दारात मंगल, कोपऱ्यात एक म्हैस आणि तिच्याहून लहान तांड्याचे प्रमुख, नाईक. तांड्यावर लावताच नाईक भडकले.

"म्या काहून एवढुसा? म्हैस बी मोठी हाय!"

"नाईककाका, विचार मोठा, माणूस लहान, असं तत्त्व आहे."

"रशियात नाईक न्हवता व्हय?"

परत स्टुडिओत. नाईक बसएवढे झाले, हात वर करून बस अडवणारे. त्यांच्या फोटोत हात खिशात होता, म्हणून रफिकभाईंनी बँडवाल्याचा लावला, सोनेरी झालरीच्या बाहीसकट.

नवं पोस्टर लावताच तांड्यावर एकच गलका: "नाईकानं बस थांबवली!" बाया त्यांना ओवाळायला आल्या. "अहो, हे नुसतं चिकटवलंय!" मी ओरडले.

"गप बस, पोरी," नाईक पुटपुटले. "समद्यांनी पाह्यलंय आता."

सकाळी ते फाट्यावर रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे, मागे मंगल आणि पोरी. ब्रेक करकचले.

"नाईक, मरायचंय का?" ड्रायव्हर.

"फोटो निघालाय. बराबर हितंच थांबायचं."

मंगल पहिली चढली.

घरी आल्यावर बरेच दिवस मला टोचत राहिलं. मी पोस्टरमधून खोटं बोलले, की खरं जरा आधी सांगितलं? मग सुनीताचं पत्र आलं. नाईक महिनाभर रोज उभे राहिले. आता बस आपणहून थांबते, मंगल नववीत गेली. फक्त नाईकांनी सदऱ्याच्या उजव्या बाहीला सोनेरी झालर शिवून घेतलीय. फोटोशी जुळायला नको का?